बाबा राम मारुती रोडवर थबकले

प्रश्न : सासरे ७४ वर्षांचे. चाळीस वर्षं ठाणे स्टेशनला पायी गेले. गेल्या महिन्यात राम मारुती रोडच्या कोपऱ्यावर थबकले, हातातली कोथिंबिरीची जुडी तशीच, घर कुठल्या बाजूला ते आठवेना. एमआरआय ‘वयोमानानुसार’ आलाय. मेंदूतल्या जोडण्यांचा नकाशा काढतात म्हणे, तो काढावा का?
– एक वाचक, नौपाडा

उत्तर : ताई, ती जुडी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. माझ्या आईचंही असंच सुरू झालं होतं.

साध्या एमआरआयमध्ये मेंदूची ठेवण दिसते. तुम्ही म्हणता तो जोडण्यांचा नकाशा फंक्शनल एमआरआयवरून काढतात. तो मेंदूतल्या रक्तातल्या ऑक्सिजनचे बारीक चढउतार टिपतो. माणूस नुसता शांत पडून असतो. एकमेकांपासून लांब असलेले दोन भाग एकाच लयीत वरखाली होत असतील, तर त्यांचं संधान आहे असं धरतात. विसाव्यात जागं राहणारं असं एक जाळं, ‘डिफॉल्ट मोड नेटवर्क’, मेंदूतज्ज्ञ मार्कस रेकल यांनी २००१ साली मांडलं. अल्झायमरमध्ये नेमकं हेच जाळं विरतं. २००४ साली मायकेल ग्रेइशियस यांच्या गटाने ते दाखवलं.

पण हे निष्कर्ष रुग्णांचा गट आणि निरोगी माणसांचा गट यांच्या तुलनेतून येतात. डोकं जरा हललं, डुलकी लागली तरी चित्र बदलतं. एकट्या बाबांचं निदान त्यावरून होत नाही, म्हणून त्यासाठी पैसे घालू नका.

आधी बी-१२, थायरॉइड, ऐकू येणं तपासा. मग न्यूरॉलॉजिस्टकडून स्मरणशक्तीची सविस्तर चाचणी. ती मराठीतच घ्यायला सांगा. आणि त्यांचं फिरणं बंद करू नका. खिशात पत्ता ठेवा, सोबत कुणीतरी चाला.