लोगोचे पैसे दिले, पण सही घेतली का?

दारव्हा तालुक्यातल्या एका धुमाळ पार्टीच्या, म्हणजे लग्नात-मिरवणुकीत वाजवणाऱ्या पथकाच्या, प्रमुखांनी विचारलं आहे: चार वर्षांपूर्वी फ्लेक्स करणाऱ्या एका पोराकडून पार्टीचा लोगो काढून घेतला. ताशावर बैलाची शिंगं, आणि त्या शिंगांच्या वळणात नावाचं पहिलं अक्षर. दोन हजार रुपये दिले. आता गाडीवर, टी-शर्टवर, यूट्यूबवर सगळीकडे तोच आहे, आणि पोरगा म्हणतो, पंचवीस हजार द्या नाहीतर लोगो काढा. त्याच्यावर फसवणुकीची केस टाकता येईल का?

केसचं नंतर बघू. कागद कुठे आहे? अशी पत्रं लग्नसराई आली की येतात आणि प्रत्येकात हेच लिहिलेलं असतं की पैसे दिले, मग चित्र आमचंच. कॉपीराइट कायदा १९५७ तसं म्हणत नाही. चित्राचा पहिला मालक ते काढणारा. कलम १७ मध्ये पैसे देऊन करून घेतलेल्या काही कामांना अपवाद आहेत, आणि लोगो त्यात बसतो असा युक्तिवाद करता येईल. पण त्याच्या भरवशावर मी तुम्हाला कोर्टात उभं करणार नाही. कलम १९ मात्र स्पष्ट आहे: हक्काचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच लागतं. पैसे पाठवल्याची मोबाइलमधली नोंद म्हणजे सही नव्हे. फार तर तुम्हाला वापरायची परवानगी होती, एवढं त्यातून म्हणता येईल.

रोलिंग स्टोन्स या इंग्लिश बँडचा जीभ बाहेर काढलेल्या ओठांचा लोगो तुम्ही टी-शर्टवर पाहिला असेल. मिक जॅगरने कालीमातेचं चित्र दाखवलं आणि त्यावरून जॉन पॅश या विद्यार्थ्याने १९७० साली तो काढायला घेतला. मोबदला ५० पौंड, पुढे आणखी २०० पौंड बक्षीस. कॉपीराइट मात्र त्याच्याकडेच राहिला आणि तो विकत घ्यायला १९८४ मध्ये २६ हजार पौंड लागले. पार्टीचं नाव झालं की कागद महाग होतो. तुमचं आता तेच होतंय.

म्हणून भांडू नका, लिहून घ्या. आधी एक विचारा: तेव्हा तो पोरगा दुकानात पगारावर होता का? असेल तर हक्क बहुधा दुकानमालकाचा. दोघांच्याही सह्या घ्या. कागदात लोगो छापा, रक्कम लिहा आणि ‘कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी, जगभरासाठी’ हे शब्द घालाच. मुदत लिहिली नाही तर कायदा पाचच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आणि घेणारा कोण? पार्टीत पाच जण, भागीदारीचा कागद नाही, म्हणजे उद्या ताशावाला वेगळा निघाला की हाच लोगो घेऊन शेजारच्या गावात वाजवायची सुपारी घेईल. आधी तुमच्या पाचांचं लिहून काढा. चार वर्षांत एक दुपार त्यासाठी काढायला हवी होती.

त्यानंतर ट्रेडमार्कचा अर्ज करा, वर्ग ४१, मनोरंजन सेवा. एकट्या माणसाच्या नावाने ऑनलाइन फी ४,५०० रुपये. जुनी सुपारीची पावती, तारखेसह फ्लेक्सचे फोटो, व्हिडिओ जपून ठेवा. आधीपासूनचा वापर त्यावरूनच सिद्ध होतो.

आता केसचं. लोगोच्या हक्काचा दावा जिल्हा न्यायालयाच्या खाली चालत नाही. तो व्यापारी दावा ठरला आणि तातडीचा मनाई हुकूम मागितलेला नसेल, तर आधी मध्यस्थी, मग तारखा. तेवढ्यात दोन-तीन पोळे निघून जातील. तुमची रोजी या हंगामावर आहे, म्हणून मला हे इतकं टोचतं.

पंचवीसचे दहा-बारा होत असतील तर देऊन मोकळे व्हा, पण सहीच्या टेबलावरच. तो ऐकतच नसेल तर नवा लोगो काढून घ्या, यावेळी पेन्सिल लागण्याआधी सही. पार्टीचं नाव बदलू नका. त्या नावावर त्याचा काहीच हक्क नाही.