धंदा रक्तात असावा लागतो का?

प्रश्न: बार्शीत माझं ब्लाऊज शिवायचं छोटं दुकान आहे, दोन मशिनी आणि मदतीला एक मुलगी. लग्नसराईत जेवायला फुरसत नसते आणि आषाढ लागला की दिवसभरात एखादी फॉल-पिकोची साडी आली तर आली. दुकान चालतंय पण वाढत नाही. घरचे म्हणतात आपल्या रक्तातच धंदा नाही, मैत्रीण म्हणते अकाउंटचा कोर्स कर. काय करू?

उत्तर: ताई, ते रक्ताचं आधी डोक्यातून काढा. धंद्याची वृत्ती शिकवता येते, आणि हे मी तुम्हाला धीर द्यायला म्हणून सांगत नाहीये, लोकांनी ते मोजून बघितलंय. पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशात, राजधानी लोमेमध्ये, २०१४ साली १५०० छोट्या धंदेवाल्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले. एका गटाला हिशोब, मार्केटिंग वगैरे नेहमीचा कोर्स दिला, दुसऱ्याला तेवढ्याच तासांत स्वतःहून पाऊल कसं उचलायचं, पुढचं आधी कसं ओळखायचं आणि अडलं तरी चिकाटी कशी धरायची एवढंच शिकवलं, तिसऱ्याला काहीच नाही. दोनेक वर्षं सगळ्यांचा नफा तपासत राहिले. दुसऱ्या गटाचा नफा काहीच न शिकलेल्यांपेक्षा ३० टक्के जास्त निघाला, हिशोबवाल्यांचा ११ च्या आसपास, आणि तोही कोर्समुळेच वाढला असं खात्रीने म्हणता येईना. बायकांच्या धंद्यात तर फरक अजून मोठा, ४० विरुद्ध ५! मला हा आकडा फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे बाईने धंदा काढला की घरखर्चाला हातभार म्हणून बघतात, वाढवायचाय असं कुणी धरतच नाही.

आता तुमच्या दुकानाचं बोलू. आषाढात काम नाही हे तुम्हाला माघातच माहीत असतं ना, मग त्या दिवसांसाठी गिऱ्हाईक आत्ताच शोधायचं. नवरात्रात, मंगळागौरीला शिवलेली नऊवारी लागते, ती आषाढात शिवून ठेवता येते, शाळेच्या गॅदरिंगचे ड्रेस असतात, आसपासच्या शाळांत कुणी विचारायला गेलंय का ते बघा. आणि शेजारच्या दुकानाने जे लटकन लावलं तेच आपण लावायचं हे बंद करा, त्याने फक्त शिलाईचा रेट पडतो. गिऱ्हाईक का वैतागतं ते बघा, बहुतेक वेळा ब्लाऊज वेळेवर मिळत नाही आणि काखेत घट्ट होतो, तर तारीख पाळणारं दुकान एवढं नाव झालं तरी माणसं लांबून येतील.

पण नुसत्या जिद्दीवर सगळं होतं असंही नाही हं. तिसरं मशिन घ्यायला पैसा लागतोच, टोगोतल्या त्या गटानेही कर्ज जास्त काढलं, नवीन माल आणला, तेव्हा कुठे नफा दिसला. आणि वही लिहाच, कुठल्या कामात किती सुटतं हे कळल्याशिवाय काय वाढवायचं ते कसं ठरवणार?

कोर्स करायचाच असेल तर जिल्हा उद्योग केंद्रात किंवा महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राच्या ऑफिसात चौकशी करा, फक्त फॉर्म भरायच्या आधी विचारा की नुसतं वर्गात बसवतात का नंतर दुकानावर येऊनही बघतात. टोगोत कोर्स संपल्यावर ट्रेनर चार महिने, दर महिन्याला, प्रत्येकाच्या दुकानावर जात होते.