राष्ट्रपतींमधला ‘पती’ नवरा नव्हे

खानापूरच्या एका शिक्षिकेनं विचारलंय, ‘आमच्याकडं ग्रामपंचायतीवर बाई आल्या की आम्ही अध्यक्षा म्हणतो. मग द्रौपदी मुर्मूंना राष्ट्रपती का म्हणायचं? वर्गात मुलं हसतात. राष्ट्राध्यक्षा म्हणू का?’

नका म्हणू. मराठीत राष्ट्राध्यक्ष अमेरिकेचे, फ्रान्सचे. आपल्या पदाचं नाव राष्ट्रपती. २००७ मध्ये प्रतिभाताई पाटील निवडून आल्या तेव्हाही बेळगावात हेच ऐकलं, ‘बाई आणि पती?’, आणि तेव्हाही माझं डोकं फिरलं होतं. हद्दीपलीकडं महाराष्ट्रात चंदगडच्या पंचायत समितीवर बाई आल्या तर त्या सभापतीच. तिथं कुणाला नवरा आठवत नाही.

पती म्हणजे मुळात धनी, सत्ता असलेला. नवरा हा अर्थ त्यातून निघाला. आपल्या घरातच बघा. धनी, मालक, यजमान, तिन्ही शब्द हुकमतीचे, आणि तिन्ही बायकांच्या तोंडी नवऱ्यासाठी. यजमान तर कानडीतही तसाच चालतो.

आणि दंपती! वैयाकरण सांगतात, जाया म्हणजे बायको; जाया आणि पती मिळून दंपती, ‘जाया’च्या जागी ‘दं’ आला. का आला? तर म्हणे निपातन, म्हणजे नियम न सांगता रूप तसंच मानून घ्यायचं. हे काय उत्तर झालं? ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात अग्नी ‘स्वे दमे’ वाढतो, म्हणजे स्वतःच्या घरात. दम म्हणजे घर, दंपती म्हणजे घरधनी. ऋग्वेदात एकट्या अग्नीलाही दंपती म्हटलंय, तिथं कुठली जाया आणणार? ग्रीकांचा ‘देस्पोतेस’ हा याचाच सख्खा भाऊ. इंग्रजीतला जुलमी सत्ताधीश, तो ‘डेस्पॉट’, त्यातूनच आला. लग्नपत्रिकेतलं दांपत्य आणि डेस्पॉट एकाच घरातले! हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दिवसभर भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

माझं तर ठाम मत आहे की पती म्हणजे ज्याच्या नावावर घर चालतं तो. राज्यघटनेत नेमकं हेच आहे. अनुच्छेद ७७ प्रमाणे केंद्राचा कारभार राष्ट्रपतींच्या नावानं चालतो, ७४ प्रमाणे राष्ट्रपती मंत्रिपरिषदेच्या सल्ल्यानं वागतात. अध्यक्ष म्हणजे अधि आणि अक्ष, वरून नजर ठेवणारा. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष सरकार स्वतः चालवतो, त्याला तो शब्द शोभतो.

मुलांचं म्हणाल, तर बाई की पुरुष हे क्रियापद सांगतंच. राष्ट्रपती आल्या, राष्ट्रपती आले.