पेन्सिल आणि पांढऱ्या खडूने गावाकडचं निसर्गचित्र कसं काढायचं?

पांढऱ्या ड्रॉइंग पेपरवर खडू उठतच नाही अशी बऱ्याच जणांची तक्रार असते, पण पांढऱ्यावर पांढरं उठणार कसं? आधी कागद बदला. करडा किंवा मातकट टोन्ड पेपर, म्हणजे आधीच रंग असलेला कागद, घ्या, नाहीतर वह्यांना कव्हर घालायचा खाकी कागदही सरावाला चालतो, फक्त खरखरीत बाजू वर ठेवा. मग शेतातली माती, घराच्या भिंती, वाळलेलं गवत यांना हातच लावायचा नाही, ते काम कागद करतो. पेन्सिल सावलीला आणि खडू उन्हाला, बस्स.

आणि या दोघांची गाठ पडू द्यायची नाही. पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्राफाइट, ते गुळगुळीत असतं, त्यावर खडू धरत नाही आणि घासत बसलात की सगळं मळकट राखाडी होतं.

समजा वाईजवळ मेणवलीच्या घाटावर बसलात आणि ऊन तिरपं आहे, तर पायरीची उभी बाजू सावलीत असेल तिथे ४बी (मऊ, गडद पेन्सिल) आडवी धरून फिरवा, पायरीच्या कडेला जिथे ऊन लागतंय तिथे खडूची एकच रेघ, तीही मध्येच तुटू दे, आणि बाकी पायरी म्हणजे नुसता कागद. लांबचे डोंगर नेहमीच्या एचबी पेन्सिलने अगदी हलके, आऊटलाइन न काढता, जितका डोंगर लांब तितका फिका. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या वेळची सगळ्याला काळी बॉर्डर मारायची सवय असते ना, ती इथे सगळं घालवते.

फळ्याचा खडू नको, तो बहुतेक जिप्समचा असतो, नीट पांढरा लागत नाही आणि भुरुभुरु गळतो. पांढरा सॉफ्ट पेस्टल किंवा व्हाइट चारकोल पेन्सिल घ्या. उन्हाच्या जागा अगदी मोजक्या ठेवा, पत्र्याची कड, बैलाची पाठ, पाण्यावरची एखादी चकाकी. ढगांवर खडू फासला की बाकी चित्र मेलंच.

चित्र पुसू नये म्हणून मारायच्या स्प्रेने, म्हणजे फिक्सेटिव्हने, पांढरा रंग दबतो, म्हणून आधी स्प्रे मारा, वाळू द्या आणि शेवटच्या दोनचार पांढऱ्या जागा त्यानंतर द्या, त्या मग पुसू नयेत म्हणून वर बटर पेपर. अठराव्या शतकातला इंग्लिश चित्रकार गेन्सबरो, ज्याने रंगीत कागदावर काळ्या-पांढऱ्या खडूने भरपूर निसर्गचित्रं काढली, तो पांढरा रंग पक्का बसावा म्हणून कागद चक्क साय काढलेल्या दुधात बुडवायचा. आपल्याकडे हे नका करू, मुंग्या लागतील.