छोटी इस्त्री कुणी घ्यावी, कुणी घेऊ नये
सुईदोरा : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात अ‍ॅप्लिकबद्दल, म्हणजे कापडाचे आकार कापून दुसऱ्या कापडावर शिवण्याबद्दल, लिहिताना ‘कडा छोट्या इस्त्रीच्या टोकाने वळवून घ्या’ असं एक वाक्य ओघात लिहिलं होतं. बाकीचा लेख बाजूला राहिला आणि पत्रं आली ती त्या एका वाक्यावरच. त्यातली चार घेते.

प्रश्न : भाचीने अमेरिकेहून पेनासारखी लांब दांड्याची छोटी इस्त्री आणली आहे. टोकाला बोटाच्या पेराएवढा तळ आहे. दांड्यावर १२० व्होल्ट, ४० वॅट असं छापलंय. पिन आपल्या बोर्डात बसत नाही, म्हणून भाचीने अडॅप्टरही दिलाय. लावू का? आणि या इस्त्रीने कमळाच्या पाकळ्या नेमक्या कशा वळवायच्या? – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, अजून लावली नसेल तर लावू नका. तो अडॅप्टर फक्त पिनचा आकार बदलतो, वीज तीच येते. तिकडे १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. व्होल्टेज दुपटीच्या आसपास गेलं म्हणून उष्णताही दुप्पट होईल असं वाटतं, पण तारेत ती साडेतीन पटीहून जास्त होते. ४० वॅटची इस्त्री दीडशे वॅटच्या घरात जाईल. आधी कापड करपेल आणि मग आतली तार जाईल.

इलेक्ट्रिकच्या दुकानात ‘स्टेप डाऊन ट्रान्सफॉर्मर’ मागा, २३० चे ११०-१२० करणारा. तुमच्या इस्त्रीला १०० वॅटचा पुरतो, फार महागही पडत नाही. मात्र तिकडून कुणी हजार वॅटची वाफेची छोटी इस्त्री आणत असेल तर नको म्हणून सांगा. तिला लागणारा ट्रान्सफॉर्मर इतका जड आणि महाग असतो की त्या पैशात इथलीच प्रवासी इस्त्री येते. काही प्रवासी इस्त्र्यांना ११०-२२० चा खटका असतो. नाण्याने फिरवायचा. लावण्याआधी तो खटका कुठे आहे ते बघायचं, दरवेळी.

आता पाकळ्या. जुनी लग्नपत्रिका घ्या, जाड आणि गुळगुळीत कागदाची. प्लास्टिकचं चकचकीत आवरण असलेली नको, ते वितळून कापडाला धरतं. तिच्यावर पाकळी तयार हवी तेवढीच काढून कापा. कापडाच्या उलट बाजूला ठेवून चहूबाजूंनी पाव इंच माया, म्हणजे आत दुमडायला जादा कापड, सोडून कापा. कमळाला फरक पडत नाही, पण पोपट किंवा अक्षर करणार असाल तर पत्रिकेवर उलटं काढावं लागतं. नाहीतर पोपट सगळे दुसऱ्याच दिशेला बघतात.

मग खळ. कपभर पाण्यात चहाचा एक चमचा कॉर्नफ्लॉवर गार असतानाच कालवून उकळायचं, निवू द्यायचं. साबुदाण्याची गाळलेली खळही चालते. रंगाच्या लहान ब्रशने ती फक्त मायेवर लावायची, पत्रिकेखालच्या कापडावर नाही. मिनिटभर मुरू द्या. ओल दिसली पाहिजे पण थेंब नको.

पाकळीच्या टोकापासून सुरुवात करा. टोकाची माया सरळ आत, पत्रिकेवर घ्या आणि इस्त्रीचं टोक दोन-तीन सेकंद दाबून धरा. खळ वाळताना सूं करून बारीक वाफ येते, ती थांबली की उचला. मग एक बाजू आत, मग दुसरी. माया डाव्या हाताच्या बोटाने धरू नका. बांबूची काडी किंवा विणायची बोथट सुई वापरा, कारण इस्त्रीचं टोक आणि बोट यांच्यात तिथे अर्धा इंचसुद्धा अंतर उरत नाही. इस्त्री बाहेरून आत न्यायची, कडेने सरकवायची नाही. सरकवली की कापड ताणतं आणि गोल कड चौकोनी व्हायला लागते. पाकळीचा फुगीर भाग असतो तिथे मायेला काप देऊ नका, बारीक बारीक चुण्या घालत दाबा. काप फक्त आत वळणाऱ्या खोलगट भागाला, आणि तेही पत्रिकेच्या कडेपासून दोन धागे अलीकडे थांबतील असे. टोकाशी दोन्ही बाजूंच्या माया एकमेकींवर येऊन एक कान बाहेर डोकावतो, तो कात्रीने उडवायचा.

पूर्ण गार झाल्याशिवाय पत्रिका काढायची नाही. गरम असताना काढली तर कड पुन्हा उघडते. गार झाली की पत्रिका अलगद निघते आणि पुढच्या पाकळीला वापरता येते. एकेक साचा बराच टिकतो.

खाली काय घालायचं हे कुणी विचारलं नाही, तरी सांगते. इस्त्रीच्या फोमच्या टेबलापेक्षा घोंगडी उत्तम. खरी लोकरीची, चार पदरी, वर जुनं सुती कापड. लोकर उष्णता धरून ठेवते, त्यामुळे कड दोन्ही बाजूंनी दाबली जाते. परदेशात क्विल्ट करणाऱ्या बायका यासाठी लोकरीची चटई विकत घेतात, आपल्या घरात ती माळ्यावर पडलेली असते. फक्त तिच्याखाली लाकडी पाट ठेवा, कारण उष्णता आणि ओल खालपर्यंत उतरते आणि जेवणाच्या टेबलाचं पॉलिश जातं. खळीची ओल लागली की मेंढरांचा वास येईल. खिडकी उघडायची.

प्रश्न : मी जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवते. मुलगा म्हणतो तुला छोटी इस्त्री आणून देतो. घेऊ का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : मुलाला म्हणावं, त्या पैशात चांगली कात्री आण. वापरून मऊ झालेल्या सुती साडीची घडी नखाने दाबली तरी राहते, आणि पुढे धावदोऱ्याखाली ती कायमची बसते. कर्नाटकात उत्तर कन्नडच्या बाजूला आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका ‘कवंदी’ नावाची गोधडी करतात. कडेकडून सुरू करून मध्याकडे शिवत जातात. प्रत्येक तुकड्याची कड हातानेच दुमडायची आणि लगेच टाका घालायचा, आखणी नाही, टाचण नाही, इस्त्री तर नाहीच. चार कोपऱ्यांना घडीची फुलं लावतात. त्यांचं काम बघितलं की इस्त्रीशिवाय अडतं असं म्हणवत नाही. नव्या, कडक कापडाचे चौकोन जोडणार असाल तर शिवणी दाबायला घरातली मोठी इस्त्री पुरे.

एकच गोष्ट सांभाळा. आत पॉलिएस्टरचा कापूस घातला असेल तर थर एकत्र केल्यावर वरून गरम इस्त्री फिरवू नका. तो कापूस चपटा होतो, पुन्हा फुगत नाही.

प्रश्न : आईच्या पैठणीचा पदर विरलाय, पण मोर शाबूत आहेत. ते कापून उशीच्या अभ्र्यावर लावायचेत. त्यांतली सोनेरी जर जळेल का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : जर कोणती आहे त्यावर आहे. कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून ज्योतीला लावा. प्लास्टिकची जर आक्रसून तिचा कडक मणी होतो. तसं झालं तर इस्त्रीवर एक टिंब, म्हणजे ११० अंशांच्या वर जाऊ नका. मणी झाला नाही तरी खालचं रेशीम आहेच, त्यामुळे दोन टिंबांच्या, म्हणजे १५० च्या खालीच राहा. तीन टिंबं सुतीसाठी, २०० अंशांची. आणि इथेच माझी पेनासारख्या इस्त्रीबद्दल तक्रार आहे. बहुतेकींवर टिंबं नसतात, नुसतं कमी-जास्त असतं, आणि कमी म्हणजे किती हे कळत नाही. पैठणीच्या कामाला टिंबं असलेली प्रवासी इस्त्रीच बरी.

मोर आधी कापू नका. पैठणीचा मोर वेगवेगळ्या रंगांच्या सुट्या धाग्यांनी विणलेला असतो, कात्री लागली की पिसारा सुटायला लागतो. टेलरच्या सामानाच्या दुकानातून अगदी पातळ पेस्टिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं गोंद लावलेलं अस्तर, आणा, कॉलरचं जाड नको. त्याची चकाकणारी खरबरीत बाजू पदराच्या उलट बाजूला लावा, वर जुन्या मलमलचा तुकडा ठेवा आणि इस्त्री उचलत, ठेवत, दाबत न्या. आधी पदराच्या कोपऱ्यावर करून बघा. एवढ्या कमी आचेवर पेस्टिंग चिकटत नसेल तर आच वाढवू नका. सरळ मलमलचं अस्तर बारीक टाक्यांनी जोडा. आईची पैठणी आहे, घाई कशाला.

पेस्टिंग चिकटलं की मोर माया सोडून कापा. पाय आणि तुरा यांच्यामध्ये कात्री घालण्याच्या फंदात पडू नका, मोराभोवती पदराचा कोयरीसारखा आकार ठेवा आणि त्याचीच कड वळवा. जास्त सुंदर दिसतं, असं माझं मत.

प्रश्न : छोट्या इस्त्रीच्या तळाला पेस्टिंगचा गोंद चिकटून काळा झालाय. – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : इस्त्री मध्यम गरम करा आणि जाड, कोरड्या सुती फडक्याच्या घडीवर घासा. फडकं फिरवत राहा. गोंद मऊ असतानाच निघतो, गार झाल्यावर खरवडायला जाल तर तळावर चरे पडतील. काहीजणी तळ मिठावर घासून साफ करतात, पण मीठ नॉनस्टिक तळाला चालत नाही. पॅरासिटामॉलची गोळी गरम तळावर घासायची युक्ती बायका एकमेकींना सांगतात. काळं निघतं, पण धूर होतो, वास नाकात बसतो आणि एवढ्याशा तळावर गोळी धरताना बोट भाजतं. मी ती करत नाही. पुढच्या वेळी चिकटवताना मध्ये केकच्या भांड्यात घालतात तो बेकिंगचा कागद ठेवा. मेणाचा कागद नको, तो दिसायला तसाच असतो आणि मेण कापडात उतरतं.