आजोबांवर लिहिणाऱ्या नातीस

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा वाचला. वर्षश्राद्धाला आजोबांवर पुस्तिका काढायचं मनात आणलंस, बरं वाटलं. पण पहिल्याच पानावर ‘साहसी उद्योजक व कुटुंबवत्सल गृहस्थ’ असं लिहून तू मोकळी झालीस. वर्तमानपत्रातल्या कुठल्याही श्रद्धांजलीत हे दोन शब्द असतात. शेजारच्या गावात दुसरं दुकान काढणाराही साहसी आणि रविवारी घरी जेवणाराही कुटुंबवत्सल! तुझे आजोबा खरोखरच दोन्ही होते, मी त्यांना पाहिलंय. म्हणूनच ती विशेषणं खोड आणि हिशेब मांड. उडी त्यांनी घेतली, पण पैसा कुणाचा होता? मागे घर कुणी सांभाळलं? बुडाले असते तर उंबऱ्याबाहेर कोण पडलं असतं?

तू पलूसकडची, किर्लोस्करवाडी तुझ्या शेजारचीच, त्यामुळे किर्लोस्कर उद्योगाचा पाया घालणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचंच उदाहरण देतो. जन्म १८६९चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकलेचं वेड होतं. त्या काळच्या घरात असल्या वेडाला कोण पैसे देणार? थोरले बंधू रामूअण्णांनी दिले, आणि लक्ष्मणराव १८८५ साली मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. पुढे कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत. झालं, रंग सुटले आणि ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले. मुंबईच्याच व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवू लागले. हक्काची बढती डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली, तेव्हा नोकरी सोडली.

आता हे बघ. नोकरीला रामराम ठोकणारा माणूस आपल्याला मोठा वाटतो, पण बेळगावात त्यांना टेकायला जागा होती. १८८८ सालीच भावांनी तिथे सायकलींचं दुकान काढलं होतं. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली धाडायचे, रामूअण्णा त्या विकायचे आणि घेणाऱ्याला चालवायलाही शिकवायचे. रस्त्यावर गिऱ्हाइकाची सायकल मागून धरून पळणारा हा थोरला भाऊ मला कारखान्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. पाटीवर ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ असं नाव आलं ते उगीच नाही.

पुढे कडबा कापायची यंत्रं आली आणि मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमिनीत विष उतरतं असं शेतकऱ्यांना वाटे. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं तयार माल पडून म्हणजे काय, हे व्यापाऱ्याच्या घरातल्या पोरीला मी सांगायला नको. त्यात बेळगावची जागा नगरपालिकेनं वसाहतीसाठी मागितली. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ बत्तीस एकर माळ दिला, कर्जही दिलं. माळ कसला, निवडुंग आणि साप! तिथे १९१० साली कारखाना आणि बायकामुलांसह बिऱ्हाड नेलं, तीच किर्लोस्करवाडी. गावाची व्यवस्था रामूअण्णांनी अंगावर घेतली. पुतणे शंकरराव यांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू केलं. थोरले चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत एमआयटीतून शिकून इथेच परतले. १९४८ साली गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत हाच कारखाना पेटवला गेला, तेव्हा लक्ष्मणराव अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. कारखाना पुन्हा उभा राहिला. ते गेले १९५६ साली.

यातली कुठली उडी एकट्याची होती, सांग बरं? मला तर एकही दिसत नाही. तरी आपल्या उद्योजकांच्या चरित्रांत नांगर भरपूर आणि चुली कमी, ही माझी जुनी तक्रार आहे. निवडुंगाच्या माळावर पहिल्या पावसाळ्यात सरपण कुठे वाळवत असतील, पोरांना साप चावू नये म्हणून रात्री काय करत असतील, हे मला नांगराच्या फाळाइतकंच वाचायचंय.

आता तुझ्या आजोबांकडे ये. विट्यात त्यांनी जुने चार यंत्रमाग घेतले, ही गोष्ट तू एका ओळीत उरकलीस. त्या वेळी आजीच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या, हे तुझ्या वडिलांकडून मी ऐकलंय. पाटल्या सुटल्या कधी? परत मोडल्या का? आजी अजून आहे, तिलाच विचार. ‘काही नाही गं, तेव्हाचं तेव्हा’ असं म्हणेल. तेवढ्यावर उठू नकोस, चहा ठेव आणि पुन्हा बस. माळ्यावर लाल कापडी बांधणीच्या खतावण्या असतील, त्या खाली काढ. नावे आणि जमा या दोन बाजू वाचता येत नसतील तर माझ्याकडे घेऊन ये.

आणि तुझ्या सख्ख्या थोरल्या काकांना भेट. त्यांना दहावीनंतर कारखान्यात बसवलं, धाकट्यांची शिक्षणं झाली. काका कुरकुरतील. कुरकुरू देत, ते छापायचं की नाही ते मागाहून ठरवू. पण त्यांना न विचारता ‘मुलांवर जिवापाड प्रेम केलं’ हे वाक्य मी तुला ठेवू देणार नाही. प्रेम केलंच, त्याबद्दल वाद नाही. चार मुलांवर सारखं केलं का, एवढंच विचारतोय.

सत्कारांचे फोटो दोनच घे. मंत्र्यांबरोबरचा तर नकोच, त्यात आजोबा अवघडलेले दिसतात. मागाशेजारी बाह्या सरसावून उभे आहेत तो मोठा छाप आणि खाली बाकीच्यांचीही नावं घाल, कांडी भरणाऱ्या बाईचंसुद्धा. नवा मसुदा गणपतीपर्यंत हाती आला तर छपाईला वेळ पुरेल.

तुझा,
काका