‘नो मीट’ नको, ‘सू’ म्हणा

प्रश्न : मुलगा तैवानमध्ये शिंचूला चिप कंपनीत आहे. आषाढात मी आणि हे दोन महिन्यांसाठी त्याच्याकडे जातोय. त्याच्या ऑफिसजवळच्या फूड कोर्टात एक घरचा स्टॉल आहे. आजी, त्यांचा मुलगा आणि सून मिळून चालवतात. हा रोज तिथेच जेवतो आणि म्हणतो, “आई, तुझीही सोय होईल.” आम्ही शाकाहारी, त्यात चातुर्मासात मी कांदा-लसूण खात नाही. खरंच सोय होईल, की दोन महिन्यांची भाजणी बांधून नेऊ?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : भाजणी न्याच, ती कुठेही वाया जात नाही. पण रोज थालीपिठं थापत बसायची वेळ तुमच्यावर येणार नाही. माझी लेक शिंचूत होती तेव्हा मी दोनदा जाऊन राहिले आणि पहिल्याच दिवशी अशाच एका स्टॉलवर फसले. ते आधी सांगते.

लेक ऑफिसला गेलेली, मी एकटी. काउंटरवर ताज्या पालेभाजीचा ढीग होता. जवळून बघितलं तर चक्क रताळ्याचा पाला! तिकडे तो आपल्या मेथी-पालकासारखा रोजच्या खाण्यातला. बोट दाखवलं, “नो मीट” म्हटलं, मान हलवून दाखवली. आजीनेही हसून मान हलवली. पाला उकळत्या पाण्यातून काढला, बशीत ठेवला आणि शेजारच्या पातेल्यातला पळीभर तपकिरी रस्सा वरून ओतला. मी दोन घास खाल्ले. छान लागले, खोटं कशाला बोलू! काळ्या मसाल्यासारखा ओळखीचा वास येत होता. तिसऱ्या घासाला शंका आली.

ते पातेलं म्हणजे त्या स्टॉलचा जीव. डुकराचं मांस, तळून कुरकुरीत केलेला छोटा कांदा, सोया सॉस आणि मसाले असं सगळं त्यात तासन् तास मंद आचेवर शिजतं. ते भातावर वाढलं की झाला त्यांचा ‘लू रोउ फान’, म्हणजे आपल्याकडच्या वरणभाताइतका घरगुती पदार्थ. मसालेही परके नाहीत: बाद्यान, दालचिनी, लवंग, बडीशेप आणि पाचवी सिचुआन मिरी, ती आपल्या तिरफळाची चुलत बहीण. आजीच्या हिशेबाने तिने मला मांस वाढलंच नव्हतं. तुकडा एकही नव्हता, नुसता रस्सा होता!

संध्याकाळी लेकीला घेऊन पुन्हा गेले. तिने सगळं सांगितल्यावर आजी अॅप्रनला हात पुसत काउंटरच्या बाहेर आली आणि लेकीलाच दटावलं, “मग ‘सू’ म्हणाली का नाही?”

तर हा शब्द पाठ करा. ‘वो छ सू’, म्हणजे ‘मी शाकाहारी जेवते’. ‘मांस नको’ म्हटलं की ते तुकडे काढून देतात. ‘सू’ म्हटलं की प्रकरण व्रताचं होतं, आणि व्रत त्यांना तुमच्या-माझ्याइतकंच कळतं. कडक पाळणारे बौद्ध तिथे कांदा, लसूण, पात आणि त्यांची सगळी भावंडं वर्ज्य मानतात, बाराही महिने. आपला चातुर्मास त्यांच्यापुढे काहीच नाही. एरवी सगळं खाणारी कितीतरी माणसं चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, ‘सू’ जेवतात. आमची आजीही त्यांतलीच. म्हणून तर तिला एवढं लागलं.

मुलाकडून मोबाइलवर चिनी लिपीत लिहून घ्या : ‘छुआन सू’. म्हणजे मांस, मासे, अंडं, दूध, कांदा, लसूण काहीच नको. अंडं-दूध चालत असेल तर शब्द वेगळा, कांदा-लसूण चालत असेल तर आणखी वेगळा. पाकिटावरही असे पाच प्रकार छापलेले असतात. आपल्या हिरव्या ठिपक्याने एवढी बारकाई कधी केली नाही. दुकानाच्या पाटीवर कधी कधी स्वस्तिक दिसेल. तेही शाकाहाराचंच चिन्ह, बिनधास्त आत जा.

मागायचं काय? रताळ्याचा पाला, वर फक्त सोया सॉस आणि तिळाचं तेल. टोफू, साधा भात. ‘मी फेन’ जरूर खा. तांदळाच्या केसासारख्या बारीक शेवया, खास शिंचूच्या. गावाला वाऱ्याचं शहरच म्हणतात. आपल्या दिवाळीच्या सुमाराला जो कोरडा वारा सुटतो, त्यावर या शेवया बांबूच्या मांडवावर वाळतात. आपल्या गच्चीवरच्या कुरडयाच आठवतात. मात्र परतताना त्यांत सुकट किंवा मांस घालतात, तेव्हा आधी ‘सू’ म्हणायचं. पातीच्या कांद्याची पदर सुटलेली पोळी बघून जीव जाईल, ती चातुर्मास संपल्यावर. नूडल्सच्या सूपच्या वाटेला जाऊ नका, पाणी बहुतेक हाडांचंच असतं.

एक सांभाळा. भातात काड्या उभ्या खोचून ठेवू नका. मृतांपुढे ठेवलेल्या भातात उदबत्त्या लावतात, तसं ते दिसतं. रामकुंडावर पिंड बघितलेल्या माणसाला याहून जास्त सांगायला नको. टीप ठेवू नका, ट्रे आपला आपण नेऊन ठेवा. आणि आजीने ‘च्या पा ब्वे?’ विचारलं तर गोंधळू नका. ‘जेवलीस का?’ एवढंच ते.

प्रश्न : बबल टी घरी साबुदाण्याचा होतो का? आणि उपवासाला चालेल का?
– कॉलेज रोड, नाशिक

उत्तर : त्या काळ्या गोळ्या टॅपिओकाच्या, म्हणजे ज्या कंदाच्या स्टार्चपासून आपला साबुदाणा होतो, त्याच्याच. काळा रंग साखरेचा. 1980च्या दशकात तैवानमध्येच हा चहा निघाला. आम्हीच पहिले, असं ताइचुंगचं एक दुकान म्हणतं आणि ताइनानचं दुसरं. भांडण कोर्टापर्यंत गेलं होतं.

नुसता भिजवलेला साबुदाणा चहात घातला तर खिरीसारखं लागतं. साबुदाणा मिक्सरमधून अगदी बारीक दळा, चाळा. काळ्या गुळाचं पाणी खळखळ उकळतं असतानाच त्यात पीठ घालून मळा. पाणी कोमट झालं की पीठ धरत नाही. माझा पहिला घाणा असाच भुगा झाला. गोळ्या वाटाण्याएवढ्या वळा, अर्धा तास उकळा, झाकून मुरू द्या. उपवासाचं म्हणाल तर साबुदाणा, गूळ, दूध, चहा यांतलं तुमच्या घरी काय चालत नाही ते तुम्हीच बघा. मात्र त्याच दिवशी संपवा. फ्रिजमध्ये ठेवल्यात तर दुसऱ्या दिवशी नातवंडांना गोट्या म्हणून द्याव्या लागतील.